महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० हा महाराष्ट्रातील धार्मिक व धर्मादाय सार्वजनिक न्यासांच्या कारभाराचे नियमन करणारा राज्य कायदा आहे. त्याचे मूळ नाव 'मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम' असे होते; २०१२ च्या अधिनियमाने ते बदलण्यात आले. न्यासांवरील देखरेखीचे काम या कायद्याने प्रामुख्याने धर्मादाय आयुक्तांकडे सोपवले असून दिवाणी न्यायालयांचा हस्तक्षेप मर्यादित केला आहे. खासगी न्यासांना भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो.

पार्श्वभूमी

पूर्वी सार्वजनिक न्यासातील गैरकारभाराविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली दावा लावावा लागे. प्रस्तुत कायद्याच्या कलम ५२ नुसार ते कलम या न्यासांना लागू होत नाही.

नोंदणी व कारभार

न्यासाची नोंदणी करणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे (कलम १८). नोंदणीयोग्य असूनही नोंदणी न झालेल्या न्यासाच्या वतीने हक्क बजावण्यासाठी आणलेला दावा न्यायालयाला चालवता येत नाही (कलम ३१). विश्वस्त वा मालमत्तेतील बदल फेरफार अहवालाद्वारे कळवावा लागतो. व्यवहारात त्यास 'बदल अर्ज' म्हणतात. स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल वा दान, तसेच शेतजमिनीचा १० वर्षांहून आणि बिगरशेती जमीन वा इमारतीचा ३ वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा यांसाठी आयुक्तांची पूर्वमंजुरी आवश्यक असते (कलम ३६). कसूरदार विश्वस्तास निलंबित वा दूर करण्याचा अधिकार कलम ४१ड ने दिला आहे.

न्यायालयांच्या अधिकाराची मर्यादा

कायद्याने धर्मादाय अधिकाऱ्यांकडे सोपवलेले प्रश्न दिवाणी न्यायालयास हाताळता येत नाहीत (कलम ८०). एखादा न्यास सार्वजनिक आहे काय, किंवा विशिष्ट मालमत्ता न्यासाची आहे काय, हे प्रथम उप वा सहायक धर्मादाय आयुक्त ठरवतात (कलम ७९). कलम ५० खालील दावा हितसंबंधी व्यक्तींना आणायचा असल्यास आयुक्तांची लेखी संमती लागते.

उदाहरणार्थ, रत्नागिरी तालुक्यातील मिरजोळे येथील एखाद्या देवस्थान न्यासात नवे विश्वस्त कोण, असा वाद झाल्यास गावकऱ्यांना थेट दिवाणी दावा न लावता धर्मादाय कार्यालयातील चौकशीस सामोरे जावे लागते. तेथील निर्णयावर आयुक्तांकडे अपील, त्यानंतर कलम ७२ खाली जिल्हा न्यायालयात अर्ज आणि पुढे उच्च न्यायालयात अपील, असा क्रम आहे. बृहन्मुंबईत जिल्हा न्यायालयाऐवजी नगर दिवाणी न्यायालय हे काम पाहते. न्यायालयाचे दार त्यामुळे बंद होत नाही. मात्र तेथे पोहोचण्याचा मार्ग ठरलेला आहे.

घटनात्मक वैधता

रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य (१९५४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरवला. मात्र धार्मिक न्यासाचे विश्वस्तपद धर्मादाय आयुक्ताकडे देणारी तरतूद, तसेच धार्मिक निधी मूळ हेतूहून अन्यत्र वळवण्याच्या तरतुदींचा काही भाग घटनाबाह्य ठरला. त्यामुळे राज्याला कारभारावर देखरेख करता येते, पण न्यासाचा धार्मिक हेतू आपल्या मर्जीने बदलता येत नाही.