औरंगाबादचे हिमायत अली शायर

वली आणि सिराज यांची नावे आपल्याकडे उर्दू शाळेतल्या मुलांना तरी ठाऊक असतात. सिकंदर अली वज्द तर आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात नेहमी असत. वैजापूरचे, न्यायाधीश, पुढे राज्यसभेचे सदस्य. पण याच शहरात १४ जुलै १९२६ रोजी जन्मलेल्या हिमायत अली शायर यांचे नाव काढले की समोरचा विचारतो, हे कोण? दोष त्याचा नाही. १९५१ साली ते कराचीला गेले आणि आम्ही त्यांना हिशेबातूनच वगळून टाकले.

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) तेव्हा निजामाच्या राज्यात होते. शाळा-कचेरीत उर्दू, बाजारात मराठी नि दखनी. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सारे पालटले. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या मुसलमानांवर काय गुदरले ते सुंदरलाल समितीने नोंदवले. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही. हिमायत अली काही काळ ऑल इंडिया रेडिओत होते, मग रेडिओ पाकिस्तानात लागले. कोण का गेला आणि कोण का राहिला, याचा निवाडा आज घरी बसून आम्ही करू नये.

तिकडे १९५६ मध्ये 'आग में फूल' हा संग्रह आला. मग सिनेमाने हाक दिली. 'आंचल' (१९६२) आणि 'दामन' (१९६३) यांच्या गीतांसाठी त्यांना निगार पुरस्कार मिळाले. गंमत अशी की १९६२ सालीच इकडे मुंबईत, नागपुरात शिकलेल्या अबरार अल्वींच्या नावावर 'साहिब बीबी और गुलाम' झळकला. दोघे जवळपास एकाच वयाचे. गीते लिहून हिमायत अलींचे समाधान झाले नाही. १९६६ साली त्यांनी 'लोरी' स्वतः निर्माण केला. मुहम्मद अली आणि झेबा त्यात होते. शायराने निर्माता होणे म्हणजे पदरचा पैसा पणाला लावणे, हे सांगायला नको.

पुढे ते सिंध विद्यापीठात शिकवू लागले. तीन ओळींच्या 'सलासी' या प्रकाराशी त्यांचे नाव जोडले गेले आहे. 'आईना दर आईना' हे आत्मचरित्र त्यांनी पद्यात लिहिले, तीन हजारांहून अधिक शेरांचे! १६ जुलै २०१९ रोजी टोरांटोत त्यांचे निधन झाले. त्र्याण्णव पुरी होऊन दोनच दिवस झाले होते.

आमची मुले आता मराठी शाळेत जातात, उर्दू लिपी त्यांना वाचता येत नाही. ते आत्मचरित्र मराठीत आणायचे तर दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या आमच्यापैकीच कोणाला तरी बसावे लागेल.