नोकरी आणि कादंबरीलेखन : बी. रघुनाथ

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव १९९९ साली हिंगोली जिल्हा स्थापन होईपर्यंत परभणी जिल्ह्यात मोडत असे. याच जुन्या परभणी जिल्ह्यात, सातोना येथे, १९१३ साली भगवान रघुनाथ कुलकर्णी ऊर्फ बी. रघुनाथ यांचा जन्म झाला. मॅट्रिकनंतर शिक्षण थांबले आणि निजामी राज्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी कारकुनी पत्करली. त्या राज्याचा कारभार उर्दूत चाले. मराठीस तेथे स्थान नव्हते. अशा परिस्थितीत त्यांच्या लेखनास केवळ विरंगुळा म्हणणे अपुरे होय. ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’, ‘म्हणे लढाई संपली’ इत्यादी कादंबऱ्या त्यांनी नोकरी सांभाळूनच लिहिल्या. कथा व कविता निराळ्याच. चरितार्थ लेखणीवर अवलंबून नसल्याने हे क्षेत्र सर्वस्वी त्यांच्या इच्छेचे राहिले. मात्र या स्वातंत्र्यास वेळेची मर्यादा होती. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीतच त्यांचे निधन झाले. ‘आडगावचे चौधरी’ त्यानंतर प्रकाशित झाली. मराठवाड्यातील मराठी कादंबरीच्या इतिहासात कचेरीबाहेरच्या या तासांची नोंद अपरिहार्य ठरते.