दहा मिनिटांचा संगणक

देशातल्या शाळांत संगणक आले ते १९८४-८५च्या 'क्लास' प्रकल्पातून. निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. मेमरी ३२ केबी, आत पंखा नाही. आपल्या शाळेपर्यंत ती लाट आली नाही. आपला पहिला संगणक २००२ सालचा, माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतला पेंटियम ४. चपला बाहेर काढून आत जायचं, आणि यंत्रावर बाईंनी शिवलेलं आच्छादन!

सुवर्णमहोत्सवाच्या वेळी ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी जनरल रजिस्टरावरून पहिल्या तुकडीपासूनची नावं त्यात टाइप केली. पुढे एका पावसाळ्यात रजिस्टराच्या पहिल्या दोन खंडांना पाणी लागलं, शाई पसरली. त्यानंतर सुरुवातीच्या वर्षांची नावं उरली ती फक्त त्या संगणकात. आणि या मेळाव्यासाठी तो सुरू केला, तर दहा मिनिटांत आपोआप बंद.

पहिला संशय विजेवर गेला. भारनियमन भोगलेल्या माणसांचा तो जाणारच. यूपीएस बदलला, फरक नाही. मग व्हायरस. त्याची परीक्षा सोपी असते : विंडोज सुरूच होऊ द्यायचं नाही. बायोसच्या पडद्यावर यंत्र तसंच ठेवलं, तर तिथेही ते बंद पडलं. म्हणजे विंडोज आणि व्हायरस दोघेही निर्दोष. त्याच पडद्यावर प्रोसेसरचं तापमान नव्वदीपार दिसत होतं. पंखा काढला तर खाली धुळीचा नमदा. तो साफ केला, खडूसारखी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान पन्नाशीत आलं, यंत्र अर्धा तास चाललं आणि पुन्हा बंद.

तेव्हा १९९४च्या तुकडीतल्या, टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेल्या मित्राने बॅटरी मारून प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर दाखवले. माथी फुगलेली, एकातून तपकिरी द्रव आलेला. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या जगभरच्या असंख्य मदरबोर्डांना हा रोग होता. आतला द्रव सदोष, त्यातून वायू तयार होतो, कपॅसिटर फुगतो आणि प्रोसेसरला स्थिर व्होल्टेज मिळेनासं होतं. चोरलेल्या अर्धवट सूत्राची एक कथा यामागे सांगतात. रंगतदार आहे, सिद्ध मात्र झालेली नाही.

मित्र लगेच डाग द्यायला बसणार होता. "आधी डिस्क काढ, मग तुझं काय ते," भाऊसाहेब म्हणाले. निवृत्त झाले तरी आवाज तोच. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. फाइल उघडली आणि सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी! यादी युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट जुन्या डिस्कवरच, विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये सापडला. तो नव्या यंत्रात टाकताच ओळीने नावं उमटली.

या अंकाच्या शेवटची यादी ती हीच. काही मुलींपुढे भाऊसाहेबांनी तेव्हाच कंसात सासरचं नाव घालून ठेवलं होतं. निमंत्रणं पाठवताना त्याचा फार उपयोग झाला. कपॅसिटर नंतर बदलले. संगणक चालतो.