मुक्काम की बिऱ्हाड?

मे महिन्याच्या सुटीत माथेरानला किंवा लोणावळ्याला आठ दिवसांपुरता बंगला घेणारा गृहस्थ मालकाने पुढे केलेल्या कागदावर सही करतो, तेव्हा त्याचे लक्ष रकमेच्या आकड्याकडे असते. कागदात बहुधा ‘भाडेपट्टा’ हा शब्द नसतो, ‘परवाना’ असतो, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. त्या एका शब्दामागे मात्र मोठा इतिहास आहे.

१८८२ साली दोन कायदे झाले. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने भाडेपट्ट्याची व्याख्या केली: ठराविक मुदतीसाठी, मोबदला घेऊन, मिळकतीच्या उपभोगाचा हक्कच दुसऱ्याच्या हाती देणे. सुविधाधिकाराच्या कायद्याने परवाना म्हणजे काय ते सांगितले. परवान्यात असा हक्क जात नाही. एरवी जी घुसखोरी ठरली असती, तिला मुभा तेवढी मिळते.

हा भेद पुष्कळ वर्षे वकिलांपुरताच होता. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने तो घरोघर पोचविला. जागेची टंचाई भयंकर होती. भाडेकरूला संरक्षण हवेच होते. परंतु मालक धास्तावले. बिऱ्हाडकरू एकदा आत आला की निघायचा नाही! मग कागदावरून ‘भाडेकरू’ गेला आणि ‘लीव्ह अँड लायसन्स’ आले.

नाव बदलले म्हणून नाते बदलते काय? दिल्लीच्या एका हॉटेलातील खोल्यांच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कागदाच्या मथळ्यापेक्षा उभयतांचा हेतू पाहावा. परवाना म्हणविणारा तो कागद बहुमताने भाडेपट्टाच ठरला.

पुढे १९७३ साली महाराष्ट्राने भाडेनियंत्रण कायदा दुरुस्त केला. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू परवान्याने राहणारे लोक भाडेकरू मानले गेले. मात्र हॉटेल, लॉजिंग, अतिथिगृह, धर्मशाळा, आरोग्यभुवन अशा ठिकाणी उतरलेल्यांना त्यातून वगळले. विधिमंडळाने येथे जी रेघ ओढली, ती आपल्या आजीलाही ठाऊक होती: एक मुक्कामाला येतो, दुसरा बिऱ्हाड मांडतो. पहिल्याची पथारी उचलली जाते. दुसऱ्याची चूल विझवली, तर संसार रस्त्यावर येतो.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा असे ठरविले. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली. करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे धरले जाते, ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करीपर्यंत. उलट, मुदत संपूनही राहत्या घराचा ताबा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

वाचकहो, सुटीच्या घराचा कागद किरकोळ वाटतो. तरी किती दिवस, कोणत्या तारखेस जागा सोडायची, किल्ली व ताबा कोणाकडे, अनामत केव्हा परत मिळणार, एवढे त्यात स्वच्छ लिहिलेले असावे. ज्या शब्दाच्या आडून मालकांनी बिऱ्हाडकरूला चुकविले, तोच शब्द प्रामाणिकपणे वापरला, तर पाहुणा आणि यजमान दोघेही निर्धास्त झोपू शकतात.