सर्व्हरची चिप आणि पडद्यावरचे चित्र

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम पूर्वी बहुधा वेगळ्या ग्राफिक्स कार्डाकडे असे. 1999 मध्ये इंटेलने 810 या चिपसेटमधून ते मदरबोर्डावर आणले आणि कचेऱ्यांतले संगणक स्वस्त झाले. 2011 च्या जानेवारीत सँडी ब्रिज पिढीत गणन आणि ग्राफिक्स सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर आले.

सर्व्हरची वाट वेगळी राहिली. तो रॅकमध्ये बसतो, त्याच्यासमोर मॉनिटर नसतो. म्हणून इंटेलच्या मोठ्या झिऑन आणि एएमडीच्या ऑप्टेरॉन चिपांत ग्राफिक्सची जागा जास्त कोअर आणि मोठ्या कॅशला मिळाली. बिघाडाच्या वेळी दुरून स्क्रीन पाहता यावी यासाठी मदरबोर्डावर देखरेखीची छोटी चिप असते. कित्येक सर्व्हरांत तिच्यातले ग्राफिक्स मॅट्रॉक्सच्या 1998 सालच्या जी200 चिपवर बेतलेले होते. कन्सोलवरची अक्षरे दाखवायला ते पुरते. त्रिमितीय चित्र मात्र खुद्द प्रोसेसरला आकडेमोड करून रंगवावे लागते. त्यामुळे या कामात महागडा सर्व्हर साध्या लॅपटॉपच्याही मागे पडतो.

पण सर्व्हरच्या चिपला ग्राफिक्स जमतच नाही, हा समज चुकीचा आहे. 2011 च्या झिऑन ई3 मालिकेत आणि घरगुती कोअर आय7 मध्ये सिलिकॉन मूळचे एकच होते. ई3-1230 मध्ये ग्राफिक्स बंद करून ठेवलेले होते. ई3-1245 मध्ये मात्र पी3000 ग्राफिक्स होते आणि त्यात 12 गणन एकके होती. घरगुती आय7-2600 मध्ये फक्त 6. कॅड वापरणाऱ्या अभियंत्यांसाठी तो झिऑन मुद्दाम तसा घडवला होता. उलट ग्राफिक्सविना ई3-1230 हा आय7 पेक्षा स्वस्त पडे आणि वेगळे कार्ड लावणाऱ्या गेमरांनी तो आवडीने घेतला. 2015 मध्ये इंटेलने ई3 ला स्वतंत्र चिपसेट सक्तीचा केला आणि तो घरगुती मदरबोर्डावर लावण्याची सोय संपली. थोडक्यात, हा भेद तंत्राच्या मर्यादेपेक्षा कंपनीच्या निवडीचा अधिक आहे.

एएमडीकडेही तेच दिसते. 2022 च्या रायझन 7000 मालिकेतल्या बहुतेक चिपांत दोन एककांचे लहानसे ग्राफिक्स आले. त्याच सिलिकॉनवर 2024 मध्ये बेतलेल्या एपिक 4004 या छोट्या सर्व्हरांच्या मालिकेलाही ते मिळाले. मोठ्या एपिक चिपांत ते नाही.