भंडाऱ्याचा कोसा आणि ऐनाच्या झाडावरील हक्क

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात टसर रेशमाचा, म्हणजेच स्थानिक बोलीतील कोशाचा, व्यवसाय परंपरेने ढिवर समाजाच्या पालकांवर आणि कोष्टी समाजाच्या विणकरांवर उभा राहिला. तुतीचा रेशीमकिडा घरात पाळता येतो. परंतु ॲन्थेरिया मायलिट्टा या टसर पतंगाच्या अळ्या उघड्या रानातच, मुख्यतः ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पाल्यावर वाढवतात. त्यामुळे झाडे छाटून कोवळा फुटवा घेणे, पाला संपताच अळ्या दुसऱ्या झाडावर हलवणे आणि पाखरे व मुंग्यांपासून त्यांची राखण करणे ही सारी कामे पालकाला जंगलात राहून करावी लागतात. चार वेळा कात टाकून पूर्ण वाढलेली अळी डहाळीभोवती रेशमाचे कडे गुंफते आणि त्यापासून निघालेल्या देठाला लोंबणारा टणक कोष विणते. हा कोष क्षारयुक्त पाण्यात उकळून मऊ केल्यावरच त्याचा धागा सुटतो. याच धाग्याचे अंग आणि सुती काठ असलेली करवती साडी ही विदर्भाच्या विणकामाची ओळख ठरली.

१८७८ साली थॉमस वॉर्डल या इंग्रज रंगतज्ज्ञाने पॅरिसच्या प्रदर्शनात रंगवलेले टसर मांडून युरोपची नजर या रेशमाकडे वळवली. त्याच वर्षीच्या भारतीय वन कायद्याने मात्र राखीव जंगलातील झाडतोडीवर आणि छाटणीवर सरकारी नियंत्रण आणले. बाजारातील मागणी आणि झाडावरील हक्क यांची अशी फारकत झाल्याने, ज्याच्या श्रमावर कोष तयार होई त्या पालकाला झाडासाठी वनखात्याच्या परवानगीवर अवलंबून राहावे लागले.

स्वातंत्र्यानंतर शास्त्रीय संशोधनाचा भर निरोगी अंड्यांवर, म्हणजे व्यवसायाच्या भाषेतील बियाण्यावर, राहिला. मादीकडून अंड्यांत उतरणारा पेब्रिन हा रोग टाळण्यासाठी अंडी घातलेल्या मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात. या पतंगाचा एक स्थानिक वाण तर शास्त्रीय नोंदींत 'भंडारा' याच नावाने ओळखला जातो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने टसर आणि कोष यांचा गौण वनोपजात समावेश करून त्यांवर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. महाराष्ट्रात ढिवर समाज अनुसूचित जमातींत नसून भटक्या जमातींत मोडत असल्याने, या हक्कासाठी त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. साहजिकच जंगलातील कोसापालनाचा जुना इतिहास या समाजासाठी आज कायदेशीर पुराव्याचाही विषय ठरतो.