हद्दीबाहेरचा मजकूर

ठाणे हे एका शहराचे नाव आहे आणि पोलीस जेथे बसतात त्या जागेचेही. शिलाहारांच्या लेखांत या नगरीला श्रीस्थानक म्हटले आहे. त्या 'स्थानका'चे पुढे ठाणे झाले. पोलीस ठाण्याची १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केलेली व्याख्या मुळातून पाहण्याजोगी आहे. शासनाने ठाणे म्हणून जाहीर केलेली कोणतीही चौकी किंवा जागा, आणि तिच्यासोबत शासनाने नेमून दिलेले स्थानिक क्षेत्र, असा त्या व्याख्येचा आशय. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ठाणे ही नुसती इमारत नव्हे, तो जमिनीचा एक तुकडा आहे. या तुकड्यालाच आपण बोलताना 'हद्द' म्हणतो.

ठाणे ते कल्याण या मार्गावर रोज लोकलने जाणाऱ्याला हद्दीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गर्दीत खिशातला मोबाइल गेला, की लोहमार्ग पोलिसांकडून पहिला प्रश्न येतो तो मोबाइल कसा गेला हा नव्हे, कुठे गेला हा. मुंब्र्याच्या अलीकडे की पलीकडे? दिव्याला होता का हातात? चालत्या गाडीत उभ्या असलेल्या माणसाने याचे काय उत्तर द्यावे? पण या प्रश्नामागे निव्वळ टाळाटाळ असते असे मला वाटत नाही. भारतीय पोलीस यंत्रणेची सारी रचनाच 'गुन्हा कोठे घडला' या प्रश्नावर उभी आहे. १९८१ साली ठाणे शहराला पोलीस आयुक्तालय मिळाले, तेव्हाही मुख्य काम हद्दी पुन्हा आखण्याचेच होते. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी आयुक्तांकडे आली आणि उरलेला जिल्हा ठाणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे राहिला.

समाजमाध्यमांमुळे पोलिसांचे काम आणि गुन्हेगारी कशी बदलली, याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा तंत्राविषयी असते. मला त्यापेक्षा या हद्दीचे काय झाले हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

छापील मजकुराची हद्द कोणती, हा वाद नवा नाही. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. 'केसरी' पुण्यात लिहिला जाई, पुण्यात छापला जाई. पण अंक मुंबईच्या वर्गणीदारांकडेही जात, आणि खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यासमोर चालला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तिघा एतद्देशीयांनी निर्दोष. हाच खटला पुण्यात चालता तर काय झाले असते, हा प्रश्न त्या काळी अनेकांनी मनात तरी विचारलाच असेल. मजकूर जेथे वाचला जातो तेथे गुन्हा घडतो, हे सूत्र सरकारच्या किती सोयीचे असते ते त्या वेळीच दिसून आले. तरीही वर्तमानपत्राला एक ठिकाण होते. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे, प्रकाशकाचे नाव आणि छपाईची जागा अंकावर छापणे बंधनकारक केले होते. पोलिसांना जायचे कोठे हे पक्के ठाऊक असे.

फेसबुकवरच्या चार ओळींना असे ठिकाण नसते. याचा पहिला मोठा प्रत्यय आला तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने हा बंद आदरापोटी आहे की भीतीपोटी अशा अर्थाचा मजकूर फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो 'लाइक' केला. स्थानिक शिवसैनिकांची तक्रार आली, ठाण्याबाहेर जमाव जमला आणि दोघींना अटक झाली. त्यांपैकी एकीच्या काकांच्या इस्पितळाची जमावाने मोडतोड केली. न्यायालयाने दोघींची प्रत्येकी १५,००० रुपयांच्या जामिनावर सुटका केली.

या प्रकरणात मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट कलमांची आहे. प्रथम लावले गेले २९५ अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याचे. त्या मजकुरात धर्म कोठेच नव्हता. मग ते बदलून ५०५(२) आले, समाजगटांत वैर निर्माण करण्याचे. आणि जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ. ठाणे अंमलदारापुढे चोरी, मारामारी, अपघात आला तर काय करायचे याचा शंभर-दीडशे वर्षांचा सराव खात्याला आहे. येथे त्याच्यापुढे एक वाक्य आले होते आणि त्याला वाचक व्हायचे होते. वाक्याचा अर्थ लावण्याऐवजी त्याने दाराबाहेरच्या गर्दीचा अर्थ लावला. 'लाइक' करणारीलाही आरोपी करताना तिने नेमके काय केले, हे तरी कोणाला सांगता आले असते का?

त्यानंतरच्या घटना सर्वश्रुत आहेत. चौकशी झाली, ठाणे ग्रामीणचे अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले, दंडाधिकाऱ्यांची बदली झाली, दोघींवरील गुन्हा पुढे बंद करण्यात आला. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांनी ६६ अ घटनाबाह्य ठरवले. 'त्रासदायक', 'अतिशय आक्षेपार्ह' या शब्दांना सीमाच नाही, हे त्या निकालाचे एक प्रमुख कारण. पोलीस ठाण्याच्या क्षेत्राला जशी हद्द लागते तशी गुन्ह्याच्या व्याख्येलाही लागते, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. गंमत अशी, की रद्द झालेले हे कलम त्यानंतरही देशभर लावले जात राहिले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल आश्चर्य व्यक्त केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते कोणावरही लावू नये असा आदेश पुन्हा द्यावा लागला.

तोपर्यंत ६६ अ ची गरजही फारशी उरली नव्हती. १४ मे २०२२ रोजी अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी अटक केली. कारण शरद पवार यांच्यावरील म्हणून समजली गेलेली, दुसऱ्या कोणी लिहिलेली एक पद्यरचना त्यांनी फेसबुकवर दिली होती. रचना ओंगळ होती, हे म्हणायला मला संकोच नाही. पण प्रश्न अभिरुचीचा नाही. फिर्याद कळव्याची, अटक नवी मुंबईत, आणि कळंबोली पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांच्यावर शाई व अंडी फेकली गेली. एकाच मजकुरासाठी राज्यभर एकूण २२ गुन्हे दाखल झाले. त्या सुमारे चाळीस दिवस कोठडीत आणि तुरुंगात होत्या; उरलेल्या २१ गुन्ह्यांत अटक करणार नाही, असे सरकारने उच्च न्यायालयात सांगितले ते त्यानंतर. एका घटनेचा दुसरा प्रथम खबर अहवाल होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने टी. टी. अँटनी प्रकरणात २००१ सालीच सांगितले होते. पण 'घटना एक' हे तेथे म्हणता येते, जेथे जागा एक असते. फेसबुकवर प्रत्येक वाचक ही नवी जागा ठरते, आणि दुखावलेला प्रत्येक वाचक आपल्या जवळच्या ठाण्यात जाऊ शकतो. १८९७ साली मुंबईचे वर्गणीदार पुरले होते; आता वर्गणीही लागत नाही.

पक्षाचा प्रश्न यात नाही, हे सांगावे लागू नये. पालघरला सत्तेवर काँग्रेस आघाडी होती आणि तक्रारदार शिवसेनेचे होते. २०२२ साली हे दोन्ही पक्ष एकाच सरकारात होते. एप्रिल २०२० मध्ये घोडबंदर परिसरातील एका अभियंत्याने तेव्हाचे मंत्री जितेंद्र आव्हाड यांच्याविषयी फेसबुकवर लिहिले. पोलिसांनी आपल्याला घरातून उचलून मंत्र्यांच्या बंगल्यावर नेले आणि तेथे मारहाण झाली, अशी त्याची फिर्याद आहे. आव्हाड यांनी आरोप नाकारले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना अटक होऊन जामीन मिळाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढील तपासाचा आदेश दिला. मजकुराला हद्द नसली तरी लिहिणाऱ्याला घर असते, घराला दार असते. पोलीस असोत वा कार्यकर्ते, त्यांना पोचता येते ते तेथेच.

आणि जेथे गुन्हाच या माध्यमातून घडतो तेथे? मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि तेथून इसिसकडे गेले. त्यांच्या मनाचा प्रवास इंटरनेटवर आधीच झाला होता. स्थानिक ठाण्याच्या गस्तीला, खबऱ्यांच्या जाळ्याला दिसावे असे काही घडलेच नव्हते. कळले ते घरच्यांना मागे ठेवलेल्या पत्रातून.

अफवेची गोष्ट आणखी वेगळी. जुलै २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. ७ एप्रिल २०२० रोजी, वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी, ती एकावर आली. नऊ दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीत गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून, पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. परिसरात चोर फिरतात, मुले पळवतात अशा अफवा त्याआधी पसरल्या होत्या. अफवेचा पहिला लेखक कोण हे सापडत नाही, म्हणून ती पसरत असताना अटक करण्याजोगे कोणी नसते. घटनेनंतर मात्र शंभराहून अधिक लोकांना अटक झाली.

सप्टेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीच्या मानपाडा पोलीस ठाण्यात पंधरा वर्षांच्या एका मुलीची फिर्याद नोंदली गेली. एका चित्रफितीचा धाक दाखवून आठ-नऊ महिने तिच्यावर अत्याचार झाले होते, आरोपी ३३. घटनास्थळे डोंबिवली, बदलापूर, मुरबाड, रबाळे, म्हणजे ठाणे आयुक्तालय, ठाणे ग्रामीण आणि नवी मुंबई अशा तीन यंत्रणांच्या हद्दी. येथे मानपाड्याने 'हे आमच्याकडे नाही' असे म्हटले नाही. विशेष तपास पथक नेमले गेले आणि अटका भराभर झाल्या. हे नोंदवणे न्यायाचे आहे. पण ती चित्रफीत हातांतून हातांत जात असलेल्या त्या महिन्यांत एकाही ठाण्याला तिचा सुगावा नव्हता, हेही खरे.

१ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १७३ व्या कलमाने गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येईल असे स्पष्ट केले. पुढच्याच महिन्यात बदलापूरला दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराची तक्रार घेऊन पालक ठाण्यात गेले. हद्दीचा काही प्रश्नच नव्हता, तरी गुन्हा दाखल व्हायला सुमारे बारा तास लागले. वार्ता मोबाइलवरून गावभर गेली. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, सुमारे दहा तास गाड्या बंद राहिल्या, आणि मग निलंबने झाली, विशेष पथक आले. शहरातले इंटरनेट बंद करण्यात आले. पीडित मुलीविषयी खोटी बातमी समाजमाध्यमावर पसरवल्याबद्दल एका तरुणीला त्याच आठवड्यात अटकही झाली. ती अफवा घातक होती आणि कारवाई अनाठायी म्हणता येणार नाही. तरी ते बारा तास आणि ही तत्परता मनात शेजारी शेजारी उभी राहतात.

प्रथम खबर अहवालाच्या छापील नमुन्यात पाचवा रकाना घटनास्थळाचा असतो. पोलीस ठाण्यापासून दिशा व अंतर, बीट क्रमांक, पत्ता. २०२२ च्या त्या एका मजकुरासाठी हा रकाना निरनिराळ्या २२ नोंदींत भरावा लागला असणार. त्यांत दिशा कोणती लिहिली असेल आणि अंतर किती किलोमीटर, ते नमुने एकदा एकत्र ठेवून पाहायला हवेत.